विशारद झाल्यावर रियाज कशाचा?

प्रश्न असा आला आहे: 'मी सातारा जिल्ह्यातला. तबल्यात विशारद पूर्ण होऊन चार वर्षं झाली. रोज तीन-चार तास रियाज करतो, कायदे-रेले बऱ्या गतीत निघतात. तरी कार्यक्रमांना बोलावणं क्वचित येतं आणि एकदा बोलावलेले पुन्हा बोलावत नाहीत. कामं मिळत राहावीत म्हणून वादकानं कशाकशाचा रियाज कायम ठेवावा? थोडे पैसे साठलेत, त्यात ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) घेऊ का?'

'एकदा बोलावलेले पुन्हा बोलावत नाहीत' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. पहिलं बोलावणं ओळखीनं येतं, कुणाचा तरी नेहमीचा तबलजी आजारी पडला म्हणून येतं. दुसरं मात्र तुम्ही पहिल्या दिवशी काय वाजवलंत त्यावरच येतं. मी पुण्यात ३२ वर्षं तबला आणि ढोलकी वाजवतो आहे. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, लावणी, कथकचे वर्ग, ध्वनिमुद्रण, सगळं केलं आणि त्यावरच घर चाललं. त्या अनुभवातून सांगतो.

तुम्ही रोज जे तीन-चार तास वाजवता, ते बहुतेक सगळं एकलवादनाचं सामान आहे. पेशकार, कायदा, रेला, गत, चक्रदार. त्यानं हात तयार होतो, तो सोडू नका. पण कामाचा हिशेब मांडून बघा. ३२ वर्षांत मी पूर्ण एकलवादन केलं असेल वीस-पंचवीस वेळा. बाकी हजारो तास काय वाजवलं? ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल. आणि परीक्षेत ठेक्याला आपण किती वेळ देतो? ठाय, दुगुण, चौगुण दाखवली की परीक्षक पुढचा प्रश्न विचारतात. त्यामुळे ठेका आपल्याला येतोच असं धरून आपण पुढे जातो, आणि वादकाचा जो रियाज सगळ्यात आधी सुटतो तो ठेक्याचा असतो. गायकाला तर तुमच्याकडून तेवढाच हवा असतो.

एक प्रयोग आजच करा. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल वीस मिनिटं वाजवा. एकही तुकडा नको, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा बोल) नको, नुसता ठेका. मग पहिलं आवर्तन (तालाची एक फेरी) आणि शेवटचं आवर्तन घड्याळ लावून मोजा. पहिलं ५० सेकंदांचं आणि शेवटचं ४३ चं निघालं तर गायक पुन्हा का बोलावत नाही याचं निम्मं उत्तर मिळालं. ख्यालात लय वाढते हे खरं, पण ती गायक वाढवतो. त्याच्या मनात नसताना तबलजीनं वाढवली की गायकाच्या आलापाची जागाच संपते. तो मंचावर काही बोलत नाही, हसून मानही डोलावतो. पुढच्या वेळी फोन मात्र दुसऱ्याला जातो.

विलंबितात दोन मात्रांमधली जागा भरायची कशी, हा तर वेगळाच अभ्यास आहे. चार-पाच सेकंदांची एक मात्रा असते. तिच्यात किती भरायचं आणि किती मोकळं सोडायचं? मी तरुण असताना प्रत्येक मात्रेत काही ना काही टाकायचो. एका ज्येष्ठ गायिकेनं मध्यंतरात शांतपणे विचारलं, 'तुम्हाला मी गाते ते ऐकू येतं का?' त्यांना खरंच वाटलं होतं की माझ्या बाजूचा स्पीकर बंद आहे. त्या रात्रीनंतर मी वर्षभर रोज सकाळी फक्त विलंबित ठेके वाजवले. एकताल, तिलवाडा, झूमरा. मेट्रोनोमची टिकटिक आधी प्रत्येक मात्रेला, मग चार मात्रांतून एकदा, मग नुसती समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. समेवरची टिकटिक आणि माझा 'धिं' एकत्र पडायला लागले तेव्हा कुठे लय अंगात बसली असं म्हणता आलं.

उस्ताद अहमदजान थिरकवा कित्येक वर्षं बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवत होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्यांच्याकडे बंदिशींचं एवढं भांडार, ज्यांचं एकलवादन ऐकायला लोक जीव टाकायचे, ते नाटकातल्या पदांना ठेका धरून बसायचे. तिथे गाण्याच्या आड येऊन चालत नाही, आणि प्रेक्षक 'वन्स मोअर' देईल तितक्या वेळा तेच पद त्याच तजेल्यानं वाजवावं लागतं. कुमार गंधर्वांबरोबर वसंतराव आचरेकर वाजवायचे, ती ध्वनिमुद्रणं मिळतील तितकी ऐका. आणि ऐकताना गाण्याकडे लक्ष न देता पूर्ण एक राग फक्त ठेक्याकडे कान ठेवा. डग्गा कुठे दाबला आहे, कुठे मोकळा सोडला आहे, गाणं मंद्रात गेल्यावर डग्ग्याचा आवाज कसा खाली येतो, ते टिपा. माइक लावलेला असताना डग्ग्याचा घुमारा गायकाचे खर्जातले स्वर सरळ गिळून टाकतो. हे नियंत्रण ध्वनिसंयोजकाकडून मागायचं नसतं, ते तळव्यात असावं लागतं.

ठेक्याच्या जोडीनं गायकी ओळखण्याचा अभ्यास हवा. किराणा घराण्याचा गायक असेल तर अतिविलंबित एकतालाची मनाची तयारी करून बसा. ग्वाल्हेरचा असेल तर तिलवाडा, झूमरा कधीही निघेल, आणि बेसावध असलात तर झूमऱ्याच्या चौदा मात्रांत हमखास चुकाल. जयपूरवाले बरेचदा मध्यविलंबित त्रितालात किंवा रूपकात गातात. तिथे अतिविलंबिताची सवय लागलेला हात जड पडतो. आग्रेवाल्यांबरोबर बोलबाटाची (बंदिशीच्या शब्दांतून लयीशी खेळण्याची) झटापट असते, तिथे तुम्ही गप्प बसलात तर त्यांचा हिरमोड होतो. हे सगळं पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा एखाद्या गाण्याच्या वर्गात आठवड्यातून दोन दिवस फुकट जाऊन वाजवा. मी पाच वर्षं वाजवलं. शिकाऊ गायक वाट्टेल तिथे समेला येतात, आणि त्यांना सांभाळून घेताना जे शिकायला मिळतं ते कसलेल्या गायकाबरोबर मिळत नाही. आणखी एक, बंदिशी गाता आल्या पाहिजेत. आवाज कसाही असू द्या. मुखडा (बंदिशीची समेला नेणारी पहिली ओळ) कुठून उठतो, अकराव्या मात्रेवरून की नवव्या, हे गुणगुणता आलं की हात आपोआप तिथे मोकळा होतो.

आता स्वरात तबला लावण्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यानं माझं एक काम कायमचं गेलं.

सांगलीकडच्या एका गावात संध्याकाळची बैठक होती. गायिका कोण ते माहीत होतं, पट्टी, म्हणजे त्यांचा षड्ज कोणता, विचारायची राहून गेली. मी एकच तबला घेऊन गेलो, काळी एकचा (हार्मोनिअमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा). तिथे गेल्यावर कळलं, बाई काळी चारमध्ये गातात. मनात म्हटलं, हरकत नाही. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, मालकंस-ललत असलं काही असेल तर मध्यमात निभेल. पंचमाला लावायचा तर काळी दोनपर्यंत चढवावा लागेल, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) फाटायची भीती, पण तेही करून बघू. बाईंनी तंबोरे जुळवले आणि सांगितलं, 'मारवा.' मारव्यात पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही. षड्जाशिवाय पर्यायच उरला नाही, आणि काळी एकचा तबला काळी चारपर्यंत उतरवला तर ती पुडी न राहता ओलं फडकं होतं. शेवटी गावातल्या भजनी मंडळाचा एक मोठ्या तोंडाचा तबला मागवला. शाई (मधला काळा लेप) तडकलेली, चाटेवर (काठाच्या कातड्यावर) खरखर. पाऊण तास ती खरखर सगळ्या गावानं ऐकली. चूक पूर्ण माझी होती. त्या बाईंकडून नंतर कधी निरोप आला नाही.

तेव्हापासून फोनवर तारीख ठरली की दुसरा प्रश्न 'पट्टी कोणती?' आणि तिसरा 'बरोबर वाद्यं कोणती?' पुरुष गायकांचं बहुतेक काळी एक-दोनच्या आसपास चालतं, त्याला सव्वापाच इंची तोंडाचा तबला येतो. बायकांचं काळी चार-पाच. काळी पाचला सहा इंचांच्या आसपासचा, काळी चारला त्याहून जरा मोठा. एक तबला अर्धा स्वर वर, अर्धा स्वर खाली नीट बोलतो. त्यापलीकडे ओढला तर त्याचा नाद मरतो. म्हणून किमान दोन तबले हवेतच, तीन असले तर निर्धास्त.

आणि लावण्याचा रियाज असतो, हे कुणी सांगत नाही. तंबोऱ्याच्या ॲपवर रोज वेगळी पट्टी लावायची, घड्याळ लावायचं आणि तबला त्या स्वरात आणायचा. सुरुवातीला दहा मिनिटं लागतात. दोन मिनिटांवर येईपर्यंत सोडायचं नाही. मोठा फरक गठ्ठ्यांनी (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांनी), बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) हातोडीनं. वरून ठोकला की चढतो, खालून ठोकला की उतरतो, हे तुम्हाला येतंच. पण समोर हार्मोनिअमवाला काहीतरी वाजवतोय, मागे माइकची चाचणी चालू आहे, निवेदक बोलतोय, अशा गोंगाटात नेमका स्वर कानानं पकडता येतो का? घरी मुद्दाम टीव्ही लावून सराव करा. गणपतीत मांडवातल्या दमट हवेत पुडी सैल पडून तबला उतरतो. वातानुकूलित सभागृहात आणि दिव्यांच्या उष्णतेत तोच तबला कोरडा होऊन चढतो. मध्यंतरात चहा घ्यायला जाण्याआधी तबल्याला कान लावा. कार्यक्रमाच्या जागी अर्धा-पाऊण तास आधी पोहोचून तबला पिशवीतून काढून ठेवा, म्हणजे त्याला तिथली हवा लागते.

रागदारीवर कुटुंब चालवणारे थोडे. आपल्याकडे बाकीचं काम येतं ते नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, लावणी, कथक यांतून. या प्रत्येकाचा ठेका वेगळा, वजन वेगळं. विशारद झालेल्या मुलाला वाटतं, केरवा आणि दादरा काय, पहिल्या परीक्षेत झाले! पण दादरा सहा मात्रांचा आला म्हणजे भावगीताचा दादरा आला असं होत नाही. लग्गी (ठेक्याऐवजी धरलेली जलद, खेळती चाल) कुठे धरायची, कडव्याच्या शेवटी उठाण किती मात्रांचं घ्यायचं, गायक मुखड्यावर परत येताना हात कसा आवरता घ्यायचा, हे त्या त्या गाण्याबरोबरच शिकावं लागतं. नाट्यपदात तर एकाच पदात धुमाळी, मध्येच ताल थांबवून आलापी, मग ठेका पुन्हा धरायचा तो नेमक्या अक्षरावर. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभं केलं तेव्हापासून ही पदं लोकांच्या कानांत आहेत. तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनाही ठेका चुकलेला कळतो. मी पहिल्या दहा वर्षांत दोनशेच्या वर पदं आणि गाणी वहीत उतरवली होती: ताल, पट्टी, मुखड्याची मात्रा, मधले म्युझिकचे तुकडे, शेवट कसा. ती वही आजही बॅगेत असते, आणि आयत्या वेळी बोलावणं आलं की तिनंच मला वाचवलं आहे.

कथकच्या वर्गांबद्दल नव्या मुलांच्या मनात एक अढी असते, की तिथे वाजवणं म्हणजे दुय्यम काम. मला हे ऐकून वाईट वाटतं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मानधन देणारं काम आपल्या धंद्यात किती? शिवाय कथकवाले तुम्हाला जे देतात ते दुसरीकडे मिळणार नाही. गुरू तोडा एकदा पढतात, लगेच तो हातातून यावा लागतो. लिहून घ्यायला वेळ नसतो. त्यासाठी पढंत पक्की हवी. रोज अर्धा तास हातानं ताल धरून, वाद्याला हात न लावता, बोल तोंडानं म्हणा. गोव्याच्या खाप्रुमाम पर्वतकरांची लयीवरच्या हुकमतीसाठी ख्याती होती. हातांनी, पायांनी आणि तोंडानं वेगवेगळे ताल एकाच वेळी चालवायचे, असं जाणकार सांगत आले. तेवढं आपल्याला जमणार नाही, पण हातात त्रिताल आणि तोंडानं झपतालाचा ठेका, इतकं तरी झालंच पाहिजे. तालमीत नर्तकीनं नवं काही मागितलं तर घाबरायला होत नाही.

आता दुसरी वाद्यं. इथे मी सावध सल्ला देतो. एका वाद्यात पक्कं व्हा, पण दोन-तीन वाद्यांना हात लावता आला पाहिजे, कारण आयोजकाला बरोबर न्यायचे वादक मोजकेच परवडतात. तुम्ही साताऱ्याकडचे, तुमच्या आसपास पखवाज सहज सापडेल. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून चालू आहे. तिथून शिकून आलेली मुलं वयाच्या पंधराव्या वर्षी कीर्तनात असा काही मृदंग वाजवतात की आपण ऐकत राहावं. त्यांच्याकडे जायचं ते शिष्य म्हणून. 'मला तबला येतो, पखवाज काय अवघड' असं मनात घेऊन गेलात तर थापेचा खुला नाद कधीच निघणार नाही. डाव्या अंगाला कणीक किती लावायची, ती वाळत आली की आवाज कसा बदलतो, हेसुद्धा हातानंच कळतं.

ढोलकीचंही तसंच. तबलजीनं वाजवलेली ढोलकी बरेचदा स्वच्छ असते पण तिला ठसका नसतो. मी ढोलकी खऱ्या अर्थानं शिकलो ती संगीतबारीत, लावणीच्या बैठकींत. चौफुल्याला एका वादकाशेजारी कित्येक रात्री नुसता बसून. त्यांची नजर एकदाही ढोलकीवर नसायची, सगळं लक्ष नाचणारीच्या पावलांवर. घुंगरू थांबायच्या क्षणी ढोलकी थांबायची, आणि ती थांबणार हे त्यांना तिच्या खांद्यावरून आधीच कळायचं. लावणीचे कार्यक्रम, सण-उत्सव, मालिका-चित्रपटांतली गाणी, सगळीकडे ढोलकीवाला लागतो आणि चांगले थोडेच असतात. गोव्यात काम करायचं असेल तर घुमटाची (मातीच्या घड्यावर कातडं ताणलेल्या वाद्याची) ओळख असू द्या. २०१९ मध्ये राज्यानं त्याला वारसा-वाद्याचा मान दिला, घोरपडीच्या कातड्याऐवजी आता शेळीचं कातडं लावतात, आणि आरत्यांच्या मोसमात वादकांना मागणी असते.

साइड ऱ्हिदमला कमी लेखू नका. टाळ, मंजिरी, खंजिरी, शेकर. भीमसेन जोशींच्या अभंगांना माउली टाकळकर वर्षानुवर्षं टाळ वाजवायचे. टाळच! पण तो टाळ ऐका, लय किती बांधलेली आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात अमृतराव काटकरांचं नाव रेसो रेसोसाठी घेतलं जातं. म्हणजे दातेरी नळीवर काडी घासायचं वाद्य. बघायला साधं, पण तीन मिनिटं एकसारख्या वजनात घासून दाखवा. मी शेकर वाजवायला लागलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझा उजवा हात सोळाव्या भागाला किती डगमगतो. तबल्यावर भरगच्च बोलांच्या आड हे लपून राहिलं होतं.

ध्वनिमुद्रणाकडे वळतो. स्टुडिओत पहिल्यांदा गेलो तेव्हा कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) लावला आणि गाणं सुरू झालं. मला वाटलं, उत्तम वाजवलं. रेकॉर्डिस्टनं आत बोलावून ऐकवलं. ठेका क्लिकवर बसला होता, पण प्रत्येक तिहाईनंतर मी केसभर पुढे पळत होतो आणि पुढच्या दोन मात्रांत परत मागे येत होतो. मैफलीत हे कुणाला कळत नाही, गायकही बरोबर पळतो. क्लिकवर ते उघडं पडतं. उपाय एकच: क्लिक लावून ठेका चार आवर्तनं, मग लहानशी तिहाई, मग पुन्हा ठेका चार आवर्तनं, आणि तिहाईनंतरचं पहिलं आवर्तन रेकॉर्ड करून ऐकायचं. मिनिटाला ६० पासून १६० मात्रांपर्यंत सगळ्या लयींत. ७०-८० च्या मधल्या लयीत सगळ्यात जास्त चुका होतात असा माझा अनुभव आहे, कारण तिथे हात संथही नसतो आणि वेगातही नसतो.

हल्ली बरंचसं काम घरूनच पाठवावं लागतं. संगीतकार इंदोरला किंवा न्यू जर्सीला बसलेला असतो, गाण्याचा कच्चा ट्रॅक येतो आणि तुम्ही तबला किंवा ढोलकी वाजवून परत पाठवायची. एक बरा माइक, ऑडिओ इंटरफेस, पंखा बंद केलेली खोली, भिंतीवर दोन गोधड्या. फाइल वेव्हमध्ये, संगीतकारानं सांगितलेल्या सॅम्पल रेटवर, गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी, डावं-उजवं वेगळ्या ट्रॅकवर. एवढं बिनचूक पाठवणारा वादक त्यांना हवाच असतो. पण त्यांच्याकडे लूप (पुन्हापुन्हा वाजणारे तयार तुकडे) आधीच आहेत, हे विसरू नका. साधा केरवा संगणकातून येतो, आणि तबल्याचं मशीन तर गायकांच्या घरी कधीपासून आहे. तरीही ते तुम्हाला विचारतात कारण गाणं दुसऱ्या अंतऱ्यात जिथे वळतं तिथे ठेक्यानंही वळावं असं त्यांना वाटतं. म्हणून एकाच लयीत केरव्याचे दहा तरी वेगळे चलन तुमच्या हातात हवेत. लूपवर वाजवायचं असेल तर लूपमधली थाप आणि तुमची थाप दोन ऐकू येता कामा नयेत. तेही रेकॉर्ड करूनच कळतं.

जाता जाता वाचनाबद्दल एवढंच. भातखंडे आणि पलुसकर, दोन्ही पद्धतींचं ताललेखन पाहताक्षणी वाचता यायला हवं. शिवाय अरेंजरनं 'आठ बार सोडून ये, चार बार भरून काढ' म्हटलं की मनातल्या मनात बार मोजता आले पाहिजेत. हे आठवड्यात दोन तास देऊन सहा महिन्यांत येतं. तौफिक कुरेशी यांनी जेंबेवर (आफ्रिकी ढोलावर) तबल्याचे बोल बसवून स्वतःची भाषा तयार केली. असल्या मिश्र कामात जायचं असेल तर हे वाचन लागतंच.

आकाशवाणीची ध्वनिचाचणी द्या. बी, बी-हाय, ए, टॉप अशी श्रेणी मिळते. आता कार्यक्रम पूर्वीइतके नाहीत, पण शिक्षकाच्या नोकरीपासून परदेशी दौऱ्यापर्यंत ती श्रेणी विचारली जाते. चाचणीच्या निमित्तानं एकलवादनही धारेवर राहतं.

शरीराबद्दल बोलायला लाजू नये. एका वर्षी गणपती ते दिवाळी मी जवळजवळ रोज वाजवलं, कधी दिवसाला दोन कार्यक्रम. उजव्या करंगळीला मुंग्या येत होत्या, दुर्लक्ष केलं. पुढे चार महिने हात बांधून बसावं लागलं, आणि त्या चार महिन्यांत माझी दोन नेहमीची कामं दुसऱ्यांकडे गेली. आता थंड हातानं रेला कधीच सुरू करत नाही. आधी दहा मिनिटं 'धा' आणि 'ना' संथ, मनगटं आणि खांदे सोडून. बैठकीखाली उशी, तबल्याची उंची अशी की कोपर पोटाला चिकटू नये. तासाला उठायचं. मुंग्या किंवा कळ आली तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. ढोल-ताशा पथकातही असाल तर कानात बोळे घाला. तबलजीचे कान गेले की स्वर लावणं गेलं.

वागण्याबद्दल थोडकं. सांगितलेल्या वेळेच्या आधी पोहोचा. जमणार नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणा, आणि पर्यायी वादकाचं नाव द्या. मानधन आधी ठरवा, स्पष्ट आणि आदरानं. मंचावर हार्मोनिअमवाल्याकडे बघत राहा, कारण गायकाच्या मनातलं आधी त्याला कळतं.

मग दिवसाचे तीन तास कसे वाटायचे? मी तुमच्या जागी असतो तर पहिला तास फक्त ठेक्यांना दिला असता: दोन दिवस विलंबित, दोन दिवस मध्यलय, दोन दिवस सुगम संगीताचे ठेके. अर्धा तास पढंत, वीस मिनिटं स्वरात लावणं, अर्धा-पाऊण तास कायदे-रेले, आणि उरलेला वेळ ऐकणं आणि स्वतःचं रेकॉर्डिंग तपासणं. आठवड्यातून दोन संध्याकाळी घराबाहेर, गाण्याच्या किंवा कथकच्या वर्गात. दर एकादशीला जवळच्या भजनाला जा. तबला नको, टाळ मागून घ्या.

राहिला ऑक्टोपॅड. वाद्यवृंदांत त्याला काम आहे, पुढेमागे जरूर शिका. पण आज तुमच्याकडे तबला एकच असेल, आणि तो काळी एकचा असेल असा माझा अंदाज आहे, तर आधी काळी चारचा तबला घ्या. पुडी बसवलेला तयार तबला घेताना शाईच्या भोवती सोळाही घरांवर 'ना' वाजवून सूर एकच येतो का बघा, मग 'तिं' वाजवून नाद किती वेळ टिकतो ते ऐका. शाईचे कण बोटाला लागत असतील तर घेऊ नका. खोड भरीव लाकडाचं आणि वजनदार हवं, मैदानावरचं (शाई आणि चाटेमधलं) कातडं एकसारख्या जाडीचं. दुकानात तंबोऱ्याचं ॲप काळी चारला लावून, वीस मिनिटं बसून वाजवा. गठ्ठे अजून वर-खाली करायला जागा शिल्लक आहे ना, तेवढं तपासून मगच पैसे द्या.